घोगऱ्या आवाजाचं मोजमाप

दोन रुग्ण डोळ्यांसमोर आणू. पहिल्या आहेत प्राथमिक शाळेतल्या बाई. मुलांनी भरलेला वर्ग, खिडकीबाहेर वाहता रस्ता आणि रोजचं पाच-सहा तासांचं बोलणं. दोन महिन्यांपासून त्यांचा आवाज बसला आहे. सकाळी जरा बरा असतो, शाळा सुटेपर्यंत पार खरखरीत होतो. दुसरे आहेत पंचावन्न वर्षांचे ट्रकचालक. तरुणपणापासून विडीची सवय आणि दोन महिन्यांपासून घोगरा झालेला आवाज. दोघांनीही मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, ज्येष्ठमध चघळलं, हळदीचं दूध घेतलं आणि शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांची ओपीडी गाठली. तिथे मायक्रोफोनसमोर बसवून दोघांनाही लांब ‘आ’ म्हणायला सांगितलं. संगणकानं आकडे काढले, ते जवळपास सारखे निघाले. मग दुर्बीण घातली. बाईंच्या दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर छोट्या गाठी होत्या. चालकाच्या एका स्वरतंतूवर पांढरट, खडबडीत चट्टा होता. तुकडा काढून तपासल्यावर तो सुरुवातीचा कर्करोग निघाला. बाईंना आवाजाची विश्रांती आणि स्पीच थेरपी पुरली. चालकाला विनाविलंब रेडिएशन लागलं.

ही जोडी मी समजावण्यासाठी रचली आहे, पण कुठल्याही मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत ती सहज भेटेल. आवाजावरून आजार ओळखणाऱ्या यंत्रांबद्दल गेली काही वर्षं खूप बोललं जातं. ही यंत्रं खरोखर काय ऐकतात आणि काय त्यांच्या आवाक्याबाहेर राहतं, ते या प्रकरणात पाहायचं आहे. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. आवाज बिघडला आहे का आणि किती, हे यंत्र उत्तम सांगू शकतं. का बिघडला, हे कळायला आत डोकावावंच लागतं. हा फरक नीट समजला, तर ही यंत्रं आपल्या फार उपयोगाची आहेत.

आवाज उमटतो कसा

श्वासनलिकेच्या तोंडाशी स्वरयंत्र असतं आणि त्यात मऊ उतींच्या दोन घड्या असतात. त्यांनाच आपण स्वरतंतू म्हणतो. त्यांची लांबी जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर. पुरुषांत ती जास्त, स्त्रियांत कमी, मुलांत आणखी कमी. श्वास घेताना या घड्या एकमेकींपासून दूर असतात. बोलायला लागलं की त्या मिटतात, खालून फुप्फुसातली हवा दाब देते, फट उघडते आणि हवेचा झोत सुटतो. लगेच घड्यांची लवचीकता आणि वेगानं वाहणाऱ्या हवेचा घटलेला दाब मिळून ती फट पुन्हा मिटवतात. पुरुषाच्या बोलण्यात हे सेकंदाला सुमारे १२० वेळा घडतं, स्त्रीच्या बोलण्यात २०० ते २२० वेळा. डच शास्त्रज्ञ यानविलेम फान डेन बर्ग यांनी १९५८ मध्ये ही उपपत्ती नीट मांडली.

स्वरतंतू एकसंध मांसाचा नसतो. आत स्नायू, त्यावर लिबलिबीत थर आणि सर्वांत वर पातळ आवरण अशी त्याची रचना असते. जपानमधल्या कुरुमे विद्यापीठाचे मिनोरू हिरानो यांनी १९७० च्या दशकात ही थरांची रचना आणि तिचं कंपनातलं महत्त्व दाखवून दिलं. आवाज काढताना वरचं आवरण आतल्या स्नायूवरून सैलपणे सरकतं आणि त्यावरून एक लाट जाते. या लाटेच्या वाटेत गाठ आली, सूज आली किंवा आवरण खाली चिकटलं, तर लाट अडखळते.

अडखळण्याचे परिणाम मुख्यतः दोन. घड्यांची उघडझाप अनियमित झाली की आवाजात खरखर येते. फट पुरती मिटेनाशी झाली की स्वराबरोबर नुसती हवा गळते आणि आवाज पोकळ लागतो. वर्गात ओरडून आलेली गाठ असो, दीर्घ धूम्रपानानं आलेली सूज असो किंवा थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत मज्जातंतूला इजा होऊन लुळा पडलेला स्वरतंतू असो, सगळ्यांना आवाज बिघडवायला हेच दोन रस्ते आहेत. कारणं डझनावारी आणि वाटा दोनच, त्यामुळे निव्वळ ऐकून कारणापर्यंत मागे जाणं अवघड होतं.

कानाची पारख

जिवंत माणसाचं बोलतं स्वरयंत्र नीट पाहण्याची युक्ती एका गायनशिक्षकानं शोधली. मान्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये पॅरिसमध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशानं त्यावर सूर्यप्रकाश टाकला आणि स्वतःचे स्वरतंतू गाताना पाहिले. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्यांनी ही निरीक्षणं मांडली. आज त्या आरशाच्या जागी कॅमेरा असलेली दुर्बीण आहे. तिला ठरावीक लयीत लुकलुकणाऱ्या प्रकाशाची जोड देतात. प्रकाशाची लय कंपनाच्या लयीपेक्षा किंचित वेगळी ठेवली की सेकंदाला दोनशे वेळा होणारी उघडझाप पडद्यावर संथ दिसते. आवरणावरची ती लाट कुठे थांबते, हे डॉक्टरांना त्यात पाहता येतं.

पण दुर्बीण सगळीकडे नसते आणि रोज घालता येत नाही. म्हणून कानाची पारखही शिस्तीत आणण्याचे प्रयत्न झाले. हिरानो यांच्या १९८१ च्या पुस्तकामुळे जगभर पोहोचलेली ‘ग्रबास’ ही पद्धत आवाजाला पाच बाबतींत ० ते ३ गुण देते: एकूण बिघाड, खरखर, हवेची गळती, क्षीणपणा आणि ताण. अमेरिकेत २००२ च्या एका बैठकीतून ‘केप-व्ही’ ही पद्धत पुढे आली. तिच्यात ऐकणारा शंभर मिलिमीटरच्या रेषेवर खूण करून बिघाडाचं प्रमाण नोंदवतो.

अनुभवी स्पीच थेरपिस्टचा कान मोलाचा असतो. अडचण अशी की दोन अनुभवी कान एकाच आवाजाला एकच गुण देतात असं नाही. फार चांगल्या आणि फार वाईट आवाजांबद्दल सहसा मतभेद नसतात. मधल्या आवाजांबद्दल होतात, आणि ओपीडीत येणारे बहुतेक आवाज मधलेच असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या जोडी क्रायमन आणि ब्रूस गेरॅट यांनी १९९० च्या दशकात या मतभेदांचा बारकाईनं अभ्यास केला. ऐकणाऱ्याच्या मनातला ‘चांगल्या आवाजा’चा नमुना प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तो दिवसभरात ऐकलेल्या आवाजांनुसार सरकतो. सहा महिन्यांच्या उपचारानंतर आवाज सुधारला का, हे ठरवताना अशी सरकती मोजपट्टी पुरत नाही. यंत्राची गरज इथे सुरू होते.

एका ‘आ’चा हिशेब

यंत्र काय करतं, ते एका छोट्या उदाहरणातून जवळून पाहू. स्त्रीचा आवाज सेकंदाला २०० कंपनांचा असेल, तर एक कंपन ५ मिलिसेकंदांत पुरं होतं. तिच्या ‘आ’मधली लागोपाठची पाच कंपनं मोजली आणि त्यांचे काळ ५.००, ५.०४, ४.९७, ५.०२ आणि ४.९८ मिलिसेकंद भरले असं धरू. प्रत्येक कंपन आणि पुढचं कंपन यांच्यातला फरक काढायचा: ०.०४, ०.०७, ०.०५, ०.०४. या फरकांची सरासरी ०.०५. तिला कंपनाच्या सरासरी काळानं, म्हणजे जवळपास ५ नं, भागलं की उत्तर येतं एक टक्का. हाच ‘जिटर’. प्रत्यक्षात पाचच्या जागी शेकडो कंपनं घेतात, एवढाच फरक.

निरोगी गळ्यातही जिटर शून्य नसतो, कारण जिवंत स्नायू घड्याळाच्या काट्यानं चालत नाहीत. दवाखान्यांत वर्षानुवर्षं वापरल्या गेलेल्या एका सॉफ्टवेअरमध्ये नेहमीच्या आवाजाची मर्यादा १.०४ टक्के धरली आहे. कंपनाच्या काळाऐवजी त्याची उंची, म्हणजे जोर, किती हलतो ते मोजलं की ‘शिमर’ मिळतो. स्वरातला नियमित भाग आणि त्यात मिसळलेला गोंगाट यांचं प्रमाण काढलं की तिसरा आकडा मिळतो. गळती जितकी जास्त, तितकं हे प्रमाण घसरतं. अमेरिकी शास्त्रज्ञ फिलिप लीबरमन यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच निरोगी आणि आजारी स्वरयंत्रांतली ही कंपनागणिक होणारी चलबिचल मोजली होती. तेव्हा ते किचकट प्रयोगशाळेचं काम होतं. आज अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांचं ‘प्रात’ हे मोफत सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवर तेच काम क्षणात करतं.

इतके बारीक फरक मोजायचे तर रेकॉर्डिंग चोख लागतं. ४४,१०० हर्ट्झनं केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये संगणक सेकंदाला ४४,१०० वेळा नोंद घेतो. म्हणजे ५ मिलिसेकंदांच्या एका कंपनात सुमारे २२० नोंदी येतात. जुन्या टेलिफोनच्या दर्जाच्या ८,००० हर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या फक्त ४० उरतात. दोन नोंदींमधलं अंतर तेव्हा कंपनाच्या अडीच टक्के असतं आणि आपल्याला तर एका टक्क्याचा निवाडा करायचा असतो. गणितानं मधल्या जागा भरता येतात, तरी काही गमावलं जातंच. मेसेजमधून पाठवलेला आवाज जागा वाचवण्यासाठी दाबलेला असतो, त्यातूनही बारकावे निसटतात. ओपीडीतला फिरता पंखासुद्धा आकड्यांत उतरतो, कारण त्याची घरघर रुग्णाच्या गळ्यातल्या गळतीत मिसळून जाते. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे थेरपिस्ट आधी पंखा आणि एसी बंद करतात, मायक्रोफोन तोंडापासून ठरलेल्या अंतरावर, थोडा तिरका धरतात आणि दर भेटीला ते अंतर तेच ठेवतात. रुग्ण हळू बोलला की जिटर आणि शिमर वाढतात, मोठ्यानं बोलला की घटतात. त्यामुळे जोरही तोच ठेवावा लागतो.

जिथे जिटर हात टेकतो

जिटरची मोठी अडचण वेगळीच आहे. तो मोजायला एक कंपन कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे आधी कळायला हवं. आवाज फारच बिघडला की ही सीमाच सापडत नाही. अशा वेळी संगणक आकडा देतो खरा, पण त्याला अर्थ उरत नाही. आवाजाच्या भौतिकीतले मोठे अभ्यासक इंगो टिट्झा यांनी १९९५ मध्ये यासाठी आवाजांचे तीन प्रकार सुचवले: जवळपास नियमित, मध्येच दुहेरी होणारे आणि पूर्ण विस्कळीत. जिटर फक्त पहिल्या प्रकारासाठी वापरावा, असा त्यांचा स्पष्ट सल्ला होता. ज्या रुग्णाला मोजमापाची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच बाबतीत हे माप निकामी ठरत होतं.

वाट सापडली ती भूकंपाच्या अभ्यासातून आलेल्या एका गणितात. बोगर्ट, हीली आणि ट्यूकी यांनी १९६३ मध्ये भूकंपलहरींमधले प्रतिध्वनी शोधण्यासाठी ‘सेप्स्ट्रम’ नावाची रीत काढली. आवाजाचं पृथक्करण केलं की २०० कंपनांच्या स्वरात २००, ४००, ६००, ८०० अशी सारख्या अंतरावरची शिखरं दिसतात. त्या आलेखाचंच पुन्हा एकदा पृथक्करण केलं की सारख्या अंतराची ती सगळी रांग एकाच ठळक शिखरात गोळा होते. स्वर स्वच्छ असेल तर हे शिखर आजूबाजूच्या पातळीपेक्षा उंच उठतं. खरखर आणि गळती वाढली की मूळ रांगच गोंगाटात बुडते आणि शिखर बसतं. अमेरिकेतल्या वेस्टर्न मिशिगन विद्यापीठाचे जेम्स हिलेनब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये या शिखराची उंची आवाजातल्या गळतीचं माप म्हणून वापरली. यात एकेक कंपन शोधावं लागत नाही, त्यामुळे फार बिघडलेला आवाजही मोजता येतो. लांब ‘आ’बरोबरच चालतं बोलणंही मोजता येतं, आणि रुग्णाची तक्रार बोलण्याचीच असते. अमेरिकेच्या वाचा-श्रवण संघटनेशी संबंधित तज्ज्ञांनी २०१८ मध्ये सुचवलेल्या तपासणीच्या पद्धतीत आवाजाच्या एकूण दर्जासाठी हेच माप घेतलं आहे.

बेल्जियमचे यूरी मारीन आणि त्यांचे सहकारी २०१० मध्ये आणखी पुढे गेले. त्यांनी सेप्स्ट्रमचं शिखर, शिमर, गोंगाटाचं प्रमाण अशी सहा मापं एका सूत्रात गुंफली आणि लांब ‘आ’ व वाचलेला उतारा मिळून ० ते १० दरम्यान एकच गुण काढला. गुण जितका जास्त, तितका बिघाड जास्त. ही पद्धत मग अनेक भाषांमध्ये तपासली गेली आणि नेहमीचा आवाज व बिघडलेला आवाज यांच्यातली सीमारेषा दर भाषेत थोडी सरकलेली आढळली.

इथवरच्या सगळ्या मापांचं काम तापमापकासारखं आहे. ताप आहे आणि १०२ आहे, हे तो नेमकं सांगतो. तो मलेरियाचा की टायफॉइडचा, हे सांगणं त्याचं काम नाही.

यंत्र शिकतं, पण काय शिकतं?

यापुढची पायरी म्हणजे ‘शिकणारी’ यंत्रं. निरोगी आणि आजारी अशा शेकडो लोकांचे आवाज संगणकाला दाखवायचे आणि दोन्हींतला फरक त्याचा त्यालाच शोधू द्यायचा. सुरुवातीला जिटरसारखी हातानं निवडलेली मापं द्यायचे. आता आवाजाचं चित्रच न्यूरल नेटवर्कपुढे ठेवतात. निकाल अनेकदा थक्क करणारे येतात, ९५ टक्के, ९८ टक्के. अशा आकड्यांपुढे थोडं थांबून पाहायला हवं.

या क्षेत्रात सर्वाधिक वापरला गेलेला संग्रह अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर इन्फर्मरीचा. तो १९९४ मध्ये उपलब्ध झाला. त्यात ५३ निरोगी आणि ६५७ आजारी माणसांचे आवाज आहेत. पुढे संशोधकांच्या लक्षात आलं की निरोगी आणि आजारी आवाजांची रेकॉर्डिंग वेगवेगळ्या ठिकाणी झाली होती, निरोगी रेकॉर्डिंगची लांबी जास्त होती आणि नोंदीचा दरही सगळीकडे एक नव्हता. अशा संग्रहावर शिकलेलं यंत्र आजाराऐवजी खोलीचा फरक ओळखून पास होऊ शकतं. जर्मनीतल्या सारलांड विद्यापीठाचा संग्रह दोन हजारांहून अधिक माणसांचा आहे. त्यात स्वरांबरोबर ‘सुप्रभात, आपण कसे आहात?’ या अर्थाचं एक जर्मन वाक्यही आहे. पहिल्या संग्रहावर जवळजवळ पैकीच्या पैकी गुण मिळवणाऱ्या पद्धती या दुसऱ्या संग्रहावर चांगल्याच खाली येतात.

दुसरा सापळा पार्किन्सनच्या संशोधनात स्पष्ट दिसतो. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णन केलेल्या या आजारात हातापायांबरोबर स्वरयंत्राच्या स्नायूंवरचा ताबाही ढिला होतो. आवाज खोल जातो, एकसुरी होतो. ब्रिटिश गणितज्ञ मॅक्स लिटल आणि सहकाऱ्यांनी यावर मोलाचं काम केलं आणि आपली मापं सर्वांसाठी खुली केली. त्यात ३१ माणसांची १९५ रेकॉर्डिंग आहेत, म्हणजे प्रत्येकाची साधारण सहा. या खुल्या संग्रहावर जगभरच्या विद्यार्थ्यांनी यंत्रं शिकवली. अनेकांनी रेकॉर्डिंग सरसकट पिसून काही शिकवायला आणि काही परीक्षेला ठेवली. मग एकाच माणसाचा आवाज दोन्हीकडे येतो आणि यंत्र आजार ओळखण्याऐवजी माणूस ओळखून बरोबर उत्तर देतं. शिवाय १९५ पैकी १४७ रेकॉर्डिंग पार्किन्सनच्या रुग्णांची आहेत. काहीही न ऐकता प्रत्येक वेळी ‘पार्किन्सन’ म्हणणाऱ्यालाही ७५ टक्के गुण मिळतात. म्हणून परीक्षेतली माणसं यंत्रानं आधी कधीच ऐकलेली नसावीत, हा नियम या कामात कसोशीनं पाळावा लागतो.

याच प्रश्नानं कोविडच्या काळात आपलं दारही ठोठावलं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी खोकल्याच्या रेकॉर्डिंगवरून कोविडचे ९८.५ टक्के रुग्ण ओळखल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई महापालिकेनं गोरेगावच्या नेस्को केंद्रात आवाजावरून कोविड ओळखण्याचा प्रायोगिक प्रकल्प जाहीर केला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेनंही ‘कोसवारा’ या प्रकल्पात श्वास, खोकला आणि स्वर गोळा केले. चाचणीचे किट अपुरे होते, लोक भयभीत होते, तेव्हा या आशेमागची तळमळ खरी होती. नंतर ब्रिटनमध्ये ६७,८४२ लोकांचे आवाज आणि त्यांच्या चाचण्यांचे निकाल एकत्र तपासले गेले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात यंत्राचा गुणांक आधी ०.८४६ आला, ज्यात १ म्हणजे अचूक आणि ०.५ म्हणजे नाणेफेक. मग वय, लिंग आणि लक्षणं सारखी असलेल्या बाधित व अबाधित माणसांच्या जोड्या लावून पुन्हा मोजलं, तेव्हा तो ०.६१९ वर आला. यंत्राला विषाणूपेक्षा लक्षणंच जास्त ऐकू येत होती, आणि लक्षणं तर माणसाला विचारूनही कळतात.

मराठी ‘भ’ची परीक्षा

परदेशात शिकलेलं यंत्र मराठी बोलण्याला लावायचं तर एक खास अडचण येते. हवेची गळती हे बहुतेक मापांच्या लेखी आजाराचं लक्षण. मराठीत मात्र ‘घ’, ‘झ’, ‘ढ’, ‘ध’, ‘भ’ म्हणताना स्वरतंतू मुद्दाम सैल ठेवून हवा सोडावी लागते, नाहीतर ‘भार’ आणि ‘बार’ यांत फरकच उरणार नाही. आपल्याकडे ‘म्हैस’, ‘न्हावी’ अशा शब्दांतही ही हवा असते. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात केली बर्कसन यांनी २०१३ च्या आपल्या प्रबंधात मराठीतल्या याच ध्वनींचा ध्वनिशास्त्रीय अभ्यास केला. अशा व्यंजनांनंतर येणाऱ्या स्वराच्या सुरुवातीला त्या हवेची छाया पडते आणि सेप्स्ट्रमसारख्या मापांत ती दिसते.

अर्थ स्पष्ट आहे. ज्या उताऱ्यात ‘भाऊ घरी धावत आला’ अशी वाक्यं भरली आहेत, तो वाचणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा डच किंवा इंग्रजी सीमारेषेनं पाहिला तर उगाच वाईट दिसू शकतो. लांब ‘आ’ला ही अडचण नाही. चालत्या बोलण्याचं माप घ्यायचं तर मराठीसाठी ध्वनींचा तोल सांभाळणारा उतारा हवा आणि मराठी बोलणाऱ्या निरोगी माणसांवरून ठरवलेली सीमारेषा हवी. त्यात कोकणातला आवाज हवा, विदर्भातला हवा, साठीच्या पुढचा हवा, आणि तो शांत स्टुडिओबरोबरच जिल्हा रुग्णालयातही घेतलेला हवा. मुंबईत नायर रुग्णालयात आणि वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत वाचा-श्रवणाचं शिक्षण अनेक दशकं चालतं. हे काम करू शकणारी माणसं आपल्याकडे आहेत.

उपयोग कुठे

गावोगाव फोनवरून सगळ्यांची चाळणी करावी, असं कुणालाही वाटेल. आधी एक साधं गणित करू. हजार माणसांची तपासणी केली आणि त्यांपैकी दहांना खरोखर गंभीर आजार आहे, असं धरू. यंत्र आजारी माणसांतल्या ९० टक्क्यांना पकडतं आणि निरोगी माणसांतल्या ९० टक्क्यांना बरोबर सोडून देतं. म्हणजे दहांपैकी नऊ सापडतील. पण ९९० निरोगी माणसांपैकी ९९ जणांनाही धोक्याची सूचना जाईल. १०८ घाबरलेल्या माणसांपैकी खरे रुग्ण नऊच. तेच यंत्र आधीच आवाज बसला म्हणून आलेल्या, विडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसांसाठी वापरलं, तर खऱ्या रुग्णांचं प्रमाण मुळातच जास्त असतं आणि सूचनेला वजन येतं. तपासणी कुणाची करायची, हे ठरवणं यंत्राच्या अचूकतेइतकंच महत्त्वाचं आहे.

दुसरा उपयोग मला सर्वांत भक्कम वाटतो: माणसाची तुलना त्याच्याच कालच्या आवाजाशी करणं. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेआधी आणि नंतर, रेडिएशनच्या आधी आणि नंतर, स्पीच थेरपीच्या पहिल्या आठवड्यात आणि दहाव्या आठवड्यात, त्याच मायक्रोफोननं, त्याच अंतरावरून घेतलेला आवाज. अशा वेळी भाषा, वय, संग्रह हे सगळे प्रश्न मागे पडतात. सुधारणा कानाला जाणवण्याआधीच आकड्यांत दिसली, तर थेरपी सोडून द्यायला निघालेल्या रुग्णाला थांबवता येतं. थेरपीचं यश चिकाटीवर असल्यामुळे हे फार मोलाचं आहे.

तिसरा उपयोग शिक्षक, कीर्तनकार, गायक, फेरीवाले, कंडक्टर अशा आवाजावर पोट असलेल्यांसाठी. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी २०१२ च्या सुमारास गळ्याच्या कातडीवर चिकटवायचा कंपनमापक स्मार्टफोनला जोडला. तो दिवसभर स्वरतंतूंनी किती कंपनं केली आणि किती जोरानं, हे नोंदवतो. कातडीतून येणाऱ्या कंपनांत शब्द स्पष्ट कळत नाहीत, त्यामुळे बोलण्याचं गुपितही राखलं जातं. गाठ येण्याआधी श्रम मोजता आले, तर शाळेला वर्गात माइक द्यायला आणि तासांची वाटणी बदलायला आधार मिळेल.

मोठे संग्रहही आता नीट आखून उभे राहत आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘ब्रिज टू एआय’ उपक्रमात आवाजाचा एक स्वतंत्र प्रकल्प आहे. त्यात रुग्णाची संमती आणि गोपनीयता यांचा विचार सुरुवातीपासून केलेला आहे. तो अत्यावश्यक आहे, कारण नाव पुसलं तरी आवाजावरून माणूस ओळखता येतो.

आवाजावरून आजार सांगणारं अ‍ॅप कुणी समोर ठेवलं तर तीन गोष्टी विचाराव्यात. ते कुणाच्या आवाजावर शिकलं? परीक्षेतली माणसं त्याला अनोळखी होती का? आणि निरोगी माणसाला ते किती वेळा आजारी ठरवतं? यांची उत्तरं नसतील, तर त्याच्या ९८ टक्क्यांवर भरवसा ठेवू नये. त्याचबरोबर एक नियम अ‍ॅपशिवायही पाळता येतो. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शनानुसार आवाज चार आठवड्यांत सुधारला नाही, तर स्वरयंत्र पाहिलंच पाहिजे. तंबाखूची सवय, गळ्यात गाठ, गिळताना त्रास किंवा श्वासाची अडचण असेल, तर तेवढंही थांबू नये. स्वरतंतूंचा कर्करोग आवाज बदलून लवकर इशारा देतो आणि त्या टप्प्यावर तो बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. आपल्याकडे हे आठवडे गुळण्या आणि गोळ्यांत निघून जातात. यंत्राला हे थांबवता येईल. गावातल्या आरोग्य केंद्रात एक शांत खोली, एक चांगला मायक्रोफोन, मराठी माणसांवर पारखलेलं एक माप आणि पुढच्या तपासणीची ठरलेली तारीख, एवढी तयारी त्यासाठी हवी. अशा यंत्राचं यश मोजायचं तर मला एकच हिशेब महत्त्वाचा वाटतो: त्याच्यामुळे किती घोगरे आवाज वेळेत दुर्बिणीसमोर पोहोचले.